हात पुरेल तिथवर

सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तर कोपऱ्यावर हुरड्याची गाडी लागलेली. कालपर्यंत ती नव्हती. गोवऱ्यांचा धूर रस्त्यालगत सरपटत होता आणि एक बाई भाजलेलं कणीस तळहातांत चोळून त्यावर फुंकर घालत होती. कोंडा उडाला, हिरवे दाणे राहिले. मी नुसताच उभा होतो. तिनं चार दाणे पुढं केले. "घ्या की काका, लई गोड हाय." मी घेतले. तोंडात टाकण्याआधी सवयीनं अर्धे डाव्या मुठीत बाजूला काढले, आणि मग लक्षात आलं की घरी ज्याच्यासाठी न्यायचे ते माणूस आता नाही.

म्हणजे येळवस आली.

पंचांगात तिला वेळा अमावस्या म्हणतात. मार्गशीर्ष सरतो ती अमावस्या. या दिवसांत ज्वारीच्या कणसांत दूध भरतं, हरभऱ्याला घाटे धरतात, सकाळच्या वाऱ्याला ओल्या कडब्याचा वास असतो. आणि आमच्या भागात ज्याला शेत आहे तो ज्याला शेत नाही त्याला रानात जेवायला नेतो. नातं लागत नाही, ओळखही फारशी लागत नाही. बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. आम्हाला शेत नव्हतं. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस, आणि माझी बायको सुनंदा चादरीच्या कारखान्यात नक्षी काढणारी. आम्ही दरवर्षी अक्कलकोट रस्त्यावरच्या अप्पांच्या शेतात जायचो. अप्पा म्हणजे भवानी पेठेतले भुसार मालाचे जुने व्यापारी, आमचे शेजारी आणि सुनंदाशी भांडायचा हक्क असलेले एकमेव गृहस्थ.

काल त्यांचा फोन आला. "काय मालक, येताय की न्हाई?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बघा, आंबील कुणाची वाट बघत न्हाई. आंबत बसतीय नुसती."

मग ते थांबले. या वाक्याला दरवर्षी सुनंदा उत्तर द्यायची. ती जागा फोनवर तशीच रिकामी राहिली. अप्पा हळू आवाजात म्हणाले, "सर, ताईंचं ताट आमी वाढणारच हाय. तुमी आलात तर शेजारी कुणीतरी बसलेलं असंल."

बघतो, म्हणालो. बघण्यासारखं खरं तर काही नव्हतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक डबा आहे. तो परत करायचा आहे, आणि तो रिकामा आहे. गणपती गेल्यापासून मी त्या डब्याला वळसा घालून चहा करतो.

डबा साधाच आहे, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. झाकणावर मोर. सोलापुरी चादरीवर असतो तसा चौकटींचा मोर, ज्याच्या पिसाऱ्यात एकही गोल रेघ नसते आणि तरी चार पावलं मागं सरलं की तो गोल दिसतो. तो सुनंदानं काढलेला आहे. तिचं सगळं काम आलेखाच्या कागदावर चालायचं. बारीक बारीक चौकटी, त्या एकेक रंगवत जायच्या. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, ते पुठ्ठे मागावर चढायचे आणि मोर चादरीत उतरायचा. ती म्हणायची, "अहो, तुमच्या पुस्तकात एक अक्षर चुकलं तर एकदाच चुकतं. माझी एक चौकट चुकली तर जितक्या वेळा मोर येईल तितक्या वेळा चुकते."

या मोराला पोट आहे. चादरीवरच्या मोरांना सहसा नसतं. त्याची गोष्ट नरसव्वाची आहे.

नरसव्वा त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. पेठेतल्या तेलुगू विणकर घरातली. सुनंदाएवढीच बुटकी आणि तिच्यापेक्षा तोंडाळ. जेवणाच्या सुट्टीत ती सुनंदाच्या टेबलापाशी येऊन उभी राहायची आणि कागदाकडे बघून निकाल द्यायची. एकदा म्हणाली, "ड्रॉइंगबाई, तुमचा मोर उपाशी हाय ओ. पोट कुटं हाय त्याला?"

"चादरीत बसत नाही पोट. जागा कमी पडते."

"जागा कमी हाय म्हणून पोट काढून टाकलात? मालकाला सांगा, आमच्याकडनं शिका म्हणावं. एका खोलीत आठ पोटं बसवतो आमी."

सुनंदा घरी येऊन हसत हसत हे सांगत होती, आणि हसता हसताच तिनं रबर घेतला, पिसाऱ्यातल्या काही चौकटी खोडल्या आणि मोराला पोट दिलं. ती चादर खूप चालली, असं ती सांगायची. खरं असेल.

कारखाना बंद पडला तेव्हा सुनंदा कागदांची गुंडाळी घेऊन घरी आली. नरसव्वा विड्या वळायला लागली. दोघींची गाठ तुटली, म्हणजे पेठ तीच होती, तिचं घर दोनच बोळ सोडून होतं, पण रोजचं कारण राहिलं नाही.

टाळेबंदीच्या वर्षी अप्पांनी आणि आणखी काही व्यापाऱ्यांनी पेठेतल्या एका बंद मागांच्या शेडमध्ये धान्य बँक सुरू केली. नाव मोठं, काम साधं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी पोतं आणून टाकायचं, ज्यांच्याकडे नाही त्यांनी येऊन न्यायचं. टाळेबंदी संपली, पण घेणारी माणसं संपली नाहीत, म्हणून बँकही चालू राहिली. सुनंदा पिशव्या भरायला जायला लागली. एक दिवस ती घरी आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"नरसव्वा आली होती."

"बरं झालं की."

"बरं कसलं? रांगेत उभी होती. पदर दातात धरून. मला बघितलं आणि रांगेतनं निघून गेली. रिकामी पिशवी हातात तशीच."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. मलाही दिसलं, पण तिनं दाखवल्यावर. रांग शेडच्या पुढच्या दारातून सुरू होऊन रस्त्यावर वळत होती. डोक्यावर ऊन. आतून एक जण मोठ्यानं नाव पुकारायचा. नाव आलं की माणूस टेबलापाशी जायचा, पारदर्शक पिशवी हातात पडायची, आणि पिशवी देणारा आणि घेणारा यांचा फोटो निघायचा. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. अप्पा तर स्वतः सर्वांना पाणी देत होते.

"बघितलंत?" सुनंदा म्हणाली. "पेठेतनं जाणाऱ्या प्रत्येक माणसाला कळतं, आज कुणाच्या घरात पीठ नाही. मग ती पिशवी आरपार दिसणारी. घरापर्यंत वाटेत दहा जण बघणार, डाळ किती मिळाली ते."

अप्पांना तिनं सांगितलं, याची रचना बदलायला हवी. अप्पा हसले. "ताई, धान्य वाटायला नकाशा कशाला लागतोय ओ? पोतं फोडायचं, माप घालायचं, झालं की."

"तुमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला उन्हात उभं करून नाव पुकारता का?"

"गिऱ्हाईक पैसे देतंय."

"म्हणजे मान पैशाला आहे. माणसाला नाही."

अप्पा डोकं खाजवत म्हणाले, "सर, हिच्याशी तुमी कसं बोलताय घरात?" मी म्हणालो, "मी वाचतो."

त्या वर्षीची येळवस मला नीट आठवते. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. रानाच्या मध्यावर कडब्याची कोपी, तिच्यात पांढरा चुना लावलेले पाच दगड, त्यांना आम्ही पांडव म्हणतो. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली, आणि बायकांनी टोपल्या उघडल्या. बाजरीचे उंडे, सगळ्या भाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, गव्हाची खीर. अप्पांची सून, रस्त्यावरून हाक मारून आणलेला टेम्पोवाला, ग्रंथालयातून निवृत्त झालेला मी, बांधापलीकडची मेंढरं राखणारं कुटुंब, सगळे मातीत मांडी घालून. सुनंदा जेवायची थांबली आणि नुसती बघत बसली. मग तिनं कडब्याचं एक धाट उचललं आणि मातीत रेघा ओढायला लागली.

"इथं रांग नाही," ती म्हणाली. "दार नाही. टेबल नाही. कोण देतोय आणि कोण घेतोय ते लांबनं कळतच नाही."

"रान आहे ते," मी म्हणालो. "शेड नव्हे."

"शेडचं रान करता येतं का, तेच बघतेय." आणि मग, मातीकडे बघतच, "नरसव्वाला येता आलं पाहिजे. एवढंच. तिला आलं की सगळ्यांना येईल."

तिनं उन्हाळाभर तेच केलं. पुढचं दार बंद केलं. मागच्या बोळातलं, कधीकाळी कामगार ये-जा करायचे ते दार उघडलं. तिथून कुणीही गेलं तरी पेठेला वाटावं, कामाला चाललंय. नाव पुकारणं गेलं, फोटो गेले. भिंतीलगत बाकं आली. जुन्या मागांच्या लाकडांच्या फळ्या झाल्या आणि त्यांच्यावर धान्य, डाळ, तिखट, मीठ, शेंगदाणे उघडे मांडले गेले. ज्याला जे हवं ते त्यानं स्वतः घ्यायचं. पिशव्या चादरीच्या उरलेल्या तुकड्यांच्या, बाजारात भाजीला नेतात तशाच.

"आणि एकटीनंच सगळं उचलून नेलं तर?" अप्पांनी विचारलं.

"थंडीत चादर दिली म्हणून कुणी चार पांघरून बसतं का?"

कुणी नेलं नाही. उलटच झालं. बायका इतकं थोडं घ्यायच्या की "अजून घ्या" म्हणण्यात सुनंदाचा दिवस जायचा.

फळ्यांची उंची तिनं स्वतःच्या हातानं ठरवली होती. तिचा हात सहज पुरेल तिथवरच शेवटची फळी. त्याहून उंच काही ठेवायचं नाही. "वरचं काढून द्या, असं कुणाला म्हणावं लागलं की ते मागणं झालं," ती म्हणायची. आमच्या घरात मात्र फळी वरच होती. साखर, गूळ, पोहे, सगळं उंचावर. दिवसातून दोनदा तरी हाक यायची, "अहो, हात पुरवा जरा." मी उंच आहे, माझा एवढा एक उपयोग होता. एकदा मी म्हणालो, "सगळ्या पेठेच्या फळ्या खाली घेतल्यास, घरची पण घे की."

"मग तुम्हाला पुस्तकातनं उठवायचं कसं?"

फळी अजून तिथंच आहे. साखर वरच आहे. मला लागते तेव्हा मी काढतो. हाक येत नाही, हात जातो.

नरसव्वा आली. मागच्या दारानं, नातवाला कडेवर घेऊन. आल्या आल्या तिनं फळीवर हात टेकवून बघितला. "ही फळी कुणाच्या मापाची?"

"माझ्या."

"तरीच. बुटक्यांचं राज्य आलं म्हणायचं." दोघी बराच वेळ हसत होत्या, असं अप्पा सांगतात. मी तिथं नव्हतो. सुनंदा घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मोर चादरीत नीट उतरल्यावरचं समाधान होतं. त्या दिवशी तिनं मला पुस्तकातून उठवलं नाही. स्वतःच स्टुलावर चढून गूळ काढला आणि शिरा केला.

पावसाळ्यात नवीन अडचण आली. बायका म्हणायला लागल्या, पीठ हाय पण जाळायला न्हाय. सरपण ओलं, गॅस परवडत नाही. सुनंदानं यावर कडक भाकरी काढली. आपल्याकडची कडक भाकरी महिनाभर टिकते, चूल लागत नाही, शेंगाची चटणी असली की जेवण होतं. पण पिशवीत तिचा चुरा व्हायचा आणि दमट हवेत ती मऊ पडायची. म्हणून डबे आले. भरून न्यायचे, संपले की परत आणायचे, पुन्हा भरून न्यायचे. डबे देणारे म्हणाले, झाकणावर आमचं नाव घाला. सुनंदा नको म्हणाली. "ज्याच्यावर देणाऱ्याचं नाव आहे तो डबा घरात लपवून ठेवावा लागतो." झाकणावर मोर आला. पोट असलेला.

आणि डबे परत येईनात.

दिवाळी गेली, थंडी सुरू झाली. आधी डबे येईनात, मग बायकाच येईनात. फळ्यांवर धान्य तसंच. मागच्या वर्षीच्या येळवसला, तिथं कोपीशेजारी, कुणीतरी उंडा मोडता मोडता म्हणालं, "गरिबाच्या हातात भांडं दिलं की मोडीतच जायाचं." अप्पांनी त्याला गप्प केलं, पण त्यांच्याही मनात तेच असावं. सुनंदा जेवली नाही. तिला डब्यांचं काही नव्हतं. परतताना टेम्पोत ती एकदाच बोलली, "नरसव्वा पण येत नाही."

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. शेजारच्या घरून वाटीत तिळाची चटणी आली होती. वाटी धुऊन परत द्यायची होती. मी खुर्चीत वाचत होतो. "अहो, हात पुरवा जरा. साखर." मी उठून साखरेचा डबा काढून दिला. तिनं चिमूटभर साखर वाटीत टाकली. आणि वाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"मी ही साखर का टाकली?"

"रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून."

ती खाली बसली, ओट्याला पाठ टेकून, जमिनीवरच. "मला माहीत होतं. माझ्या आईनं शिकवलं, तिच्या आईनं तिला. माझ्या हाताला माहीत होतं आणि मी त्यांच्या हातात असं भांडं दिलं, की जे परत करताना त्यात घालायला त्यांच्याकडे काहीच नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "एक चौकट चुकली हो. सगळ्या घरांत चुकली."

मी म्हणालो, कुणाला तरी पाठवू, घरोघर सांगू की रिकामे डबे चालतील. तिनं मान हलवली. "डब्याबद्दल बोलायला माणूस दारात आला की तिला वाटणार, चोर ठरवायला आला. चार शेजारी ऐकणार. नाही. त्यांना घालायला काहीतरी मिळालं पाहिजे, आणि ते खरं लागणारं पाहिजे. खोटं नको."

शेडच्या मागच्या बोळात, दारालगत, एक जुना कडुलिंब आहे. धान्यात पोरकिडे होऊ नयेत म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला घालतात, हे अप्पांना सांगायची गरज नव्हती, ते दर महिन्याला माणूस लावून पाला काढून घ्यायचे. सुनंदानं ते बंद करायला लावलं. झाडाच्या खोडाला एक पाटी लावली. तिच्या सरळ, चौकटीदार अक्षरात: डबा परत देताना थोडा पाला घालून द्यावा. धान्याला लागतो.

ही पाटी तिनं घरी, अंथरुणात बसून रंगवली. होळीच्या आधी आजाराचं नाव कळलं होतं. त्याबद्दल मला लिहायचं नाही. पाटी मी नेऊन बांधली. चैत्रात झाडाला कोवळी तांबूस पालवी होती.

डबे यायला लागले. अप्पा रोज संध्याकाळी येऊन सांगायचे. कुणी तोंडोतोंड पाला भरून आणला, कुणी एकच डहाळी ठेवली, एका म्हातारीनं तर झाडालाच हळदीकुंकू वाहिलं. "ताई, तुमी मला आदीच सांगायचं की, झाडाला मॅनेजर करायचाय म्हणून. मी पगार वाचवला असता." सुनंदा उशीवर डोकं टेकवून हसायची. मग विचारायची, "नरसव्वा?"

अप्पा छताकडे बघायचे.

नरसव्वा झाडापासून दोन बोळ पलीकडे राहत होती. पाटी बघायला झाडापाशी यावं लागतं, आणि रिकामा डबा घरात असताना ती त्या बोळाकडेही फिरकत नव्हती. मी एकदा म्हणालो, मी जाऊन येतो. सुनंदा म्हणाली, "नको. माझ्या वतीनं तुम्ही दारात गेलात, तर ती मला आयुष्यात तोंड दाखवणार नाही. येईल ती. कुणीतरी तिला झाडाचं सांगेल." पावसाळा सुरू झाला. विचारणं चालू राहिलं. शेवटी शेवटी नाव निघायचं नाही, नुसती भुवई वर जायची, आणि मी मान हलवायचो.

गणपती गेल्यावर सुनंदा गेली.

स्मशानातून परतल्यावर दारात कुणीतरी माझ्या तळहातावर कडुलिंबाचं पान ठेवलं. ते चावायचं असतं. मी चावलं. कडू होतं, आणि मला एकदम धान्याच्या पोत्यांचा वास आला.

सुतकात चूल पेटत नव्हती. शेजारपाजारचे लोक जेवण आणत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात नरसव्वा उभी. बरीच वाळलेली. हातात डबा, राखेनं घासून लखलखीत केलेला, झाकणावर मोर.

"सर, ड्रॉइंगबाईचा डबा. भरून आणलाय."

आत पिठलं होतं आणि ज्वारीच्या मऊ भाकरी. पीठ तिनं शेजारणीकडून मागून आणलं होतं, हे मला नंतर कळलं. स्वतःसाठी तिनं कधी मागितलं नव्हतं.

ती उंबऱ्यातच बसली. "कुटं गेली नव्हते ओ. हितंच व्हते. रोज म्हणायची, आज काईतरी घालून नेते डबा. आज न्हाई तर उद्या. घरात असलं तर पोराच्या तोंडात जाणार की डब्यात?" मग म्हणाली, "विड्या वळत बसलं की भूक कळत न्हाई सर. तंबाखूच्या वासानं मरतीय." उठताना झाकणावरच्या मोरावर बोट टेकवून म्हणाली, "आता भरून आणला, तर बघायला बाई न्हाई."

मी तिला झाडाचं सांगितलं. पाटीचं सांगितलं. सुनंदा रोज विचारायची, तेही सांगितलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि उभीच राहिली. "एवढंच व्हय?" ती म्हणाली. "पाला चालला असता?"

त्यानंतर नरसव्वा बँकेत यायला लागली. आता बाकावर बसून इतर बायकांना "अजून घ्या की" असं ओरडते, असं अप्पा सांगतात. तिचा डबा मात्र माझ्याकडे राहिला. सुतकातल्या घरातून भांडं रिकामं गेलं तरी कुणी काही मनात आणत नाही. तेव्हाच दिला असता तर सोपं होतं. मी दिला नाही. सुतक संपलं आणि नियम परत आला.

घरात साखर आहे, गूळ आहे. हात वर केला की मिळतं. पण डबा समोर घेतला की माझा हात उठत नाही. काय घालू? तिच्या हातचं काही उरलेलं नाही. लिंबाचं लोणचं होतं, ते दिवाळीत संपलं. आणि दुसरंही एक आहे. हा डबा गेला की पोट असलेला मोर या घरात राहणार नाही. डबा जोवर इथं आहे, तोवर कुणाचं तरी काहीतरी देणं राहिलेलं आहे, आणि देणं राहिलं आहे म्हणजे ये-जा राहिली आहे.

हे सगळं काल लिहून ठेवलं होतं. आज येळवस.

सकाळी दार वाजलं. नरसव्वा. धुतलेलं लुगडं, केसांत शेवंती, नातवाच्या अंगात स्वेटर. बाहेर अप्पांचा टेम्पो उभा. "चला की सर. अप्पा म्हणाले, शेत नसल्याल्यांनीच यायचं असतंय. मला न्हाई, तुमाला न्हाई. चला."

मी आत गेलो, ओट्यावरचा डबा घेतला आणि तिच्या हातात दिला. झाकण लावलेलं. तिनं वजनावरून ओळखलं. मी खाली बघत होतो. मला वाटलं, ती काहीतरी म्हणेल, असू द्या म्हणेल. तिनं डबा परत माझ्या हातात ठेवला. "झाडाकडनं जाऊ," ती म्हणाली.

टेम्पो बोळाच्या तोंडाशी थांबला. मी पाटी बांधून आलो त्यानंतर तिथं गेलो नव्हतो. सकाळचं ऊन नुकतं बोळात उतरत होतं. पाटीचा रंग जरा उडालाय. आणि झाड... मी बघतच राहिलो. खालच्या साऱ्या फांद्या उघड्या होत्या. एक पान नाही. एका सरळ रेषेत, जणू कुणी कागदावर आखून दिल्यासारखं, बायकांचा हात पुरेल तिथवर झाड रिकामं झालं होतं. त्या रेषेच्या वर गच्च हिरवं. किती हात इथं वर गेले असतील, किती डबे परत आले असतील. सुनंदानं हे बघितलं नाही. ती अंथरुणातून ऐकत होती, आणि अप्पा सांगतात ते निम्मंच खरं असतं असं समजत होती.

नरसव्वानं टाचा उचलून एका फांदीकडे हात केला. पोचला नाही. तिनं मागं वळून माझ्याकडे बघितलं.

"सर, जरा हात पुरवा की."

मी हात वर केला.